टट्ट्यामागची दोरी

पांढुर्णा, १२ जून १९८९

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम.

अंतर्देशीय सोडून पाकीट पाठवलं म्हणून चिडू नकोस. अंतर्देशीय आमच्या घरात सगळेच हातात घेऊन उलटंसुलटं करतात, आणि तुझ्या दवाखान्यातही तेच होत असणार. ही गोष्ट तशी नाही.

पोलीस भरतीची लेखी परीक्षा मी पास झाले. आता दौड, २५ ऑक्टोबरला छिंदवाड्याला. प्रकाशच्या वडिलांनी बाबांना स्पष्ट सांगितलं आहे, की दिवाळी झाली की लग्न, त्याआधी नोकरी लागली तर आनंद, नाही लागली तर पुन्हा फॉर्म भरायचे नाहीत. म्हणजे मला ही एकच संधी आहे.

बाबा पहाटे लाइनवर ड्युटीला निघतात तेव्हा मीही निघते आणि रेल्वेच्या कडेच्या रस्त्याने पळते. महिन्यातले चार-पाच दिवस मात्र सगळं बिघडतं. कपडा घेऊन पळलं की मांड्या सोलून निघतात. दुकानातली पट्टी एकदा आणून पाहिली, ती शंभर पावलांत मागे सरकली. मागच्या मंगळवारी तर सलवारीला डाग पडला आणि समोरून सायकलवाले येत होते. मी दगडावर बसून राहिले, रस्ता मोकळा होईपर्यंत उठलेच नाही. अर्धा तास गेला असेल.

घरी येऊन कॅलेंडर मांडलं. माझी तारीख कधी चुकत नाही. बोट ठेवत ठेवत गेले तर २५ ऑक्टोबर हा बरोबर दुसरा दिवस येतो, म्हणजे सगळ्यात जास्त जाण्याचा. आत्या, पाळी पुढे ढकलायची गोळी असते म्हणतात. तू नर्स आहेस. तेवढी पाठव ना.

तुझी,
इंदू


सौसर, १९ जून १९८९

चि. इंदूस,

जयभीम आणि आशीर्वाद. लेखी पास झालीस, शाब्बास! दादाच्या घरात वर्दी येणार म्हणून मी इथे चार जणींना चहा पाजला.

गोळी देणार नाही. डॉक्टरने तपासल्याशिवाय तर नाहीच. कुणाला तिने मळमळतं, कुणाचं अंग जड होतं. दौडीच्या तोंडावर असला नवा खेळ नको.

सोबतच्या पुडक्यात एक वस्तू आहे. ती आधी बघ, मग पुढे वाच. गेल्या वर्षी नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये अमेरिकेहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी मला अशा दोन दिल्या. एक मी वर्षभर वापरते आहे. दुसरी कोरी आहे, ती तुला. तांबूस रबराची छोटी वाटी आहे, उलट्या घंटीसारखी. घडी घालून आत सरकवायची. आत गेली की ती उघडते आणि रक्त तिच्यातच साठतं. सकाळ-संध्याकाळ काढायची, रिकामी करायची, साबणाने धुऊन परत घालायची. पाळी संपली की थोडा वेळ उकळत्या पाण्यात ठेवायची, कोरडी करून कापडाच्या पिशवीत टाकायची. पुढच्या महिन्याला तीच. मोहगावच्या खेड्यांत मी दिवसभर पायी फिरते, कुणाच्या घरी कपडा बदलायला जागा मागावी लागत नाही. हे सुख काय आहे ते मलाच माहीत.

घालायची की नाही ते तू ठरव. नको वाटली तर तशीच गुंडाळून परत दे, मी रागावणार नाही. एकच, वहिनीला सांगू नकोस. तिला वाटेल नणंदेने लग्नाच्या पोरीला काहीतरी विलायती खूळ लावलं. समजावायला मी तिथे नाही, आणि तुला ते जमणार नाही.

आत्या


पांढुर्णा, ३ जुलै १९८९

प्रिय आत्या,

तू बजावलंस तसं बाईला काही सांगितलं नाही. वाटी ट्रंकेत आहे, स्वेटरच्या घडीत. रोज काढून बघते आणि ठेवून देते. एवढी मोठी जाईल कशी? पोटात वर चढली आणि निघालीच नाही तर कुणाला सांगू?

आणि दुसरी गोष्ट कशी लिहू कळत नाही. तुझा संसार होऊन गेला आहे, तुझं ठीक आहे. माझं लग्न व्हायचं आहे. पुढे प्रकाशला काही वेगळं वाटलं तर? माझ्याबद्दल भलतंच वाटलं तर?

रविवारी तो आला होता. बाई निंदायला गेली होती, बाबा ड्युटीवर. चहा दिला, दारातच बसून बोललो. ट्रंक त्याच्या मागेच होती आणि मला सारखं वाटत होतं, की ह्याला पत्र्यातून दिसतंय. नोकरी लागली तर चालेल का विचारलं. म्हणाला, "लागू दे ना! आमच्या मोहगावले बदली मागू." माणूस चांगला आहे. म्हणूनच भीती वाटते.

उद्या माझी तारीख. या खेपेला कपडाच घेते.

इंदू


सौसर, १० जुलै १९८९

चि. इंदूस,

भीती वाटते हे लिहिलंस ते बरं केलंस. आता नर्स म्हणून सांगते, आत्या म्हणून नाही.

वाटी पोटात चढत नाही. वरचा रस्ता बंद असतो, तिथून तिला जायला जागाच नाही. बोट घातलं की सापडते. काढताना बुडाशी चिमटीत दाबायची म्हणजे हवा सुटते. नुसती खालची शेपटी ओढायची नाही. घाबरून अंग आवळलंस तर दुखेल. दुखलं की थांबायचं, जबरदस्ती करायची नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही खरंच देते. तिथे एक पातळ पडदा असतो. तो कुणाचा कसा, कुणाचा कसा. काहींचा पळण्या-उडण्यानेही ताणला जातो. वाटीने तो ताणेल, कदाचित फाटेलही. नाही फाटणार अशी थाप मी मारणार नाही. पण त्यावरून पोरगी कशी आहे हे डॉक्टरलासुद्धा सांगता येत नाही. जो सांगतो म्हणतो तो खोटारडा. वीस वर्षं बाळंतपणं करते आहे, एवढं माझं ऐक.

तरी मन घेत नसेल तर कपडा बांधून पळ. तू माझी भाची आहेस, वाटी घातल्याने शहाणी आणि न घातल्याने बावळट होणार नाहीस.

आत्या


पांढुर्णा, ६ ऑगस्ट १९८९

प्रिय आत्या,

घातली!

पहिल्या दिवशी न्हाणीत एवढी रडले की बाईने बाहेरून विचारलं, "काय झालं वं?" डोळ्यात साबण गेला म्हणाले. तीनदा निसटली, एकदा तर हातातून उडून बादलीत पडली. शेवटी कपडाच घेणार होते. मग मनात आलं, मांड्या सोलल्या की पुन्हा आठवडा बुडणार. उकिडवी बसले, तोंडाने श्वास सोडला आणि गेली. आत उघडल्याचं कळलं. दुखलं थोडं, मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पळाले. आत्या, अर्ध्या वाटेत मला आठवणच राहिली नाही की मला पाळी आली आहे! असं होऊ शकतं हेच मला माहीत नव्हतं.

आणखी एक सांगू? न्हाणीच्या बांबूच्या टट्ट्यामागे आमची ती दोरी आहे ना, तिथे बाईच्या जुन्या लुगड्याखाली आम्ही कपडे वाळत घालतो. पावसाळ्यात तीन-तीन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो, तेच ओलसर परत घ्यायचे. या महिन्यात माझा एकही कपडा तिथे नव्हता. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! बाई कामाला गेली की जुन्या डब्यात पाणी उकळते. तिला काही पत्ता नाही.

ठरलं. २५ तारखेला हीच.

इंदू


पांढुर्णा, १२ सप्टेंबर १९८९

प्रिय आत्या,

दुसरा महिनाही छान गेला. पोळा आला तोवर माझे चारही दिवस होत आले होते. गोटमारीच्या दिवशी सगळं गाव नदीवर दगडफेक बघायला लोटलं, आणि मी मोकळ्या रस्त्यावर दोन फेऱ्या जास्त मारल्या.

तुला एक गंमत सांगते. बाई बदलली आहे. आधी म्हणायची, "पोट्टीच्या जातीनं एवढं उधळू नये." आता स्वतः मला पहाटे उठवते. "जोरानं पळजो, दोन उड्या जास्त मारजो," म्हणते. रोज कच्च्या पपईची भाजी. तीळ-गुळाचे लाडू, ते तर या दिवसांत कोण करतं? वर सकाळी कसलासा कडू काढा. दौडीसाठी अंगात ताकद यावी म्हणून चाललंय सगळं. काढ्याने मला दोनदा उलटी झाली, तर तीच रडायला लागली. मी म्हटलं, "बाई, मी पास होईन, तू रडू नको." तर आणखी रडली. मग विचारते, "प्रकाश अजून कितीकदा आला होता?" त्याची एवढी आठवण तिला कधीपासून?

काढा मात्र तू बंद करायला सांग. नर्सचं ऐकेल.

इंदू


पांढुर्णा, २० सप्टेंबर १९८९

चंद्रकला बाई,

जयभीम.

ही माही पहिली चिठ्ठी आहे. प्रौढ शिक्षणात शिकली तेवढ्यावर लिहून राहिली. दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावं अशी गोष्ट नाही.

इंदूले दिवस गेले. दोन महिने झाले, दोरीवर तिचा एक कपडा नाही. मी माय आहे, मले समजते. उलट्या होऊन राहिल्या. मी वावरात असताना प्रकाश घरी येऊन गेला. पोरगी काही सांगत नाही, हसत राहते. मले तोंडावर विचारायची हिंमत होत नाही. तिनं हो म्हटलं त मी काय करू?

तुह्या दादाले माहीत नाही. माहीत झालं त तो जिवाले लावून घेईन. प्रकाशच्या घरी समजलं त लग्न मोडलं. नोकरी गेली. पोरगी जन्माची गेली.

पपई दिली, काढा दिला. काही झालं नाही. तू नर्स आहे, दवाखान्यात गुपचूप करून दे. मी वाट पाहतो. तुही चिठ्ठी नाही आली त येत्या मंगळवारी दुपारी जाम नदीपलीकडच्या म्हातारीकडे नेतो. ती काडीनं करते. लोक म्हणतात एक बाई तिच्याकडून मेली. मले भेव लागते. तू लवकर लिही.

शेवंता


सौसर, २६ सप्टेंबर १९८९, मंगळवार, संध्याकाळी सहा

वहिनी,

मी तेरा दिवस खेड्यांत गोवराच्या साथीवर होते. आत्ता खोलीचं दार उघडलं, तर खाली इंदूचं आणि तुमचं, दोन्ही पत्रं पडलेली. आज मंगळवार आहे.

पोरीला काहीही झालेलं नाही. तिची पाळी दर महिन्याला येते. कपडा दिसत नाही कारण मीच तिला एक रबराची वाटी दिली आहे, ती आत घालायची असते. तुम्हाला सांगू नको हेही मीच तिला बजावलं. चूक माझी आहे. उलट्या तुमच्या काढ्याच्या आहेत.

शेवटची बस गेली. भाऊराव संत्र्याचा ट्रक घेऊन आत्ता पांढुर्ण्याला निघाला आहे, चिठ्ठी त्याच्या हाती देते. पहाटेच्या पहिल्या बसने मी निघते. गेला नसाल तर कुठेही जाऊ नका. गेला असाल आणि तिला ताप असेल, रक्त थांबत नसेल, तर माझी वाट बघू नका, लाज धरू नका, तडक सरकारी दवाखान्यात न्या. पाया पडते.

चंद्रकला


पांढुर्णा, २९ सप्टेंबर १९८९

प्रिय आत्या,

परवा तू दारात उभी होतीस आणि बाईने दार उघडलं नाही. मी आत होते. तिने माझा हात धरून ठेवला होता. "इंदू बरी आहे, तू जाय," एवढं ती आतून म्हणाली ते तू ऐकलंसच. तू किती वेळ ओट्यावर बसलीस ते मी फटीतून बघत होते. तुला सगळं कळायला हवं म्हणून लिहिते.

मंगळवारी बाई म्हणाली, लग्नाआधी पोट दाखवून घेऊ, नदीपलीकडे सावरगावात एक जाणती म्हातारी आहे. मी गेले. अंधारी खोली, खाली चटई. म्हातारीने मला निजायला सांगितलं आणि बाईला म्हणाली, "हात घट्ट धर." बाईने डोक्याशी बसून माझे दोन्ही हात धरले. मग म्हातारीने कोपऱ्यातून काडी घेतली. आत्या, तेव्हा मला एकदम सगळं समजलं. पपई, लाडू, "दोन उड्या जास्त मारजो", सगळं.

मी ओरडले, "बाई, मले आजच पाळी आली!" बाई म्हणाली, "खोटं नको बोलू माय. कपडा कुठी आहे?" मी म्हटलं, कपडा नाही. ती म्हणाली, "मंग?"

काय सांगणार होते? मी हात सोडवून घेतला, कोपऱ्यात पाठ करून बसले आणि वाटी काढली. सकाळीच घातली होती. अर्धी भरलेली होती. ती तशीच दोन्ही हातांत धरून बाईसमोर नेली. लाज वाटायला वेळच नव्हता.

बाईने वाकून पाहिलं. वासही घेतला. म्हातारी म्हणाली, "हे त दर महिन्याचंच रगत आहे. ने पोरीले घरी." बाई तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, आणि असा आवाज काढला की मी तसा कधी ऐकला नाही.

पुलावर आल्यावर तिने मला एक सणसणीत थोबाडीत दिली. मग माझी ओढणी नीट केली आणि घरापर्यंत हात सोडला नाही. भाऊरावने चिठ्ठी आणून दिली तेव्हा दिवे लागले होते. तिने ती चुलीजवळ बसून एकेक अक्षर लावत वाचली. दोनदा वाचली. माझ्याशी बोलते, तुझं नाव घेत नाही.

वाटी तिने मागून घेतली आहे. तिच्याकडेच आहे. दौड सव्वीस दिवसांवर आली. देईल का माहीत नाही, आणि मागायची माझी हिंमत नाही.

इंदू


सौसर, ४ ऑक्टोबर १९८९

वहिनी,

दार उघडलं नाही ते बरोबर केलंत. मी तुमच्या जागी असते तर ओट्यावरही बसू दिलं नसतं.

तुम्हाला सांगू नको म्हणाले, कारण मला वाटलं तुम्हाला समजणार नाही. याहून वेगळं काही कारण नाही, आणि ते सजवून लिहिण्यात अर्थ नाही. खेड्यातल्या परक्या बायांना मी तासतास समजावते, आणि घरच्या बाईसाठी माझ्याजवळ एक चिठ्ठी नव्हती. मला माफ करा.

माझा राग पोरीवर काढू नका. तिला दौडू द्या. वाटीने द्या, कपड्याने द्या, ते आता तुम्ही दोघी ठरवा. मी मध्ये बोलणार नाही.

चंद्रकला


पांढुर्णा, २८ ऑक्टोबर १९८९

चंद्रकला बाई,

जयभीम.

तुही चिठ्ठी येऊन लय दिवस झाले. माह्यानं उत्तर लिहिणं होत नव्हतं.

ते वाटी मी आठ दिवस माह्याजवळ ठेवली. पाणी भरून पाहिलं, बोटानं दाबून पाहिलं. मंग पोरीले समोर बसवून सगळं विचारलं. कशी घालते, दुखते का, निघते कशी. तिनं सगळं सांगितलं. लाजली, पन सांगितलं. बाई, मले सगळं समजलं. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

मंग मी तिले म्हटलं, तुले पाहिजे त घे, तुहा जीव तुले माहीत. वाटी तिच्या हातात दिली. मले नको, माहं कपड्यावर भागते.

छिंदवाड्याले मीच तिच्यासंग गेली. तिच्या बाबाले सुटी नव्हती. तेहतीस पोरी होत्या. इंदू पाचवी आली. यादी लागाची आहे. ती दौडून आली अन् मले म्हणते, "बाई, डाग आहे का पाहा." मी मागून पाहिलं. नव्हता.

आता माहं ऐक. चिठ्ठीत माफी मागू नको. दिवाळी झाली की घरी ये. दार उघडं आहे. जेवण करीन, भांडणार नाही. तुह्या दादाले मी काही सांगितलं नाही, सांगणार बी नाही.

पन माह्यासमोर बसून मले एक गोष्ट सांग. त्या म्हातारीच्या घरी पोरीचे हात मी धरले होते. ह्याच हातानं. तुही चिठ्ठी दिवे लागल्यावर आली. पोरीची पाळी त्या दिवशी आली नसती, एक दिवस उशिरा आली असती, त मी काय केलं असतं? तू शिकलेली आहे. तू सांग.

शेवंता